दोघांच्या गोळ्या

८ मार्च

नाव दिलं एकदाचं! दोघांनीही. हृदयाच्या नव्या गोळीचा अभ्यास चाललाय, इथेच अमरावतीत. दोघांचीही हृदयं अशक्त – जोडा शोभतो! पिंकी सिस्टरनी समजावलं. कोणाला खरी गोळी, कोणाला बिनऔषधाची. दिसायला सारख्याच. कोणाची कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. "काकू, डबीवरचं नाव पाहूनच घ्या. अदलाबदल अजिबात नाही." मी काय कुक्कुलं बाळ आहे?

अकोल्याहून लेकीचा फोन. आकांक्षा घाबरली. "आई, तुमच्यावर प्रयोग करून राहिले का ते?" यांनी फोन ओढून घेतला. "पोरी, आजवर दुसऱ्याईनं आधी खाऊन पाह्यलेल्याच गोळ्या खाल्ल्या ना आपण? आता आपली पाळी." अभिमान वाटला मला यांचा.

१९ मार्च

गोळी घेतली की मला गरगरतं. म्हणजे माझी खरी! यांना काहीच होत नाही. जिन्यात धाप मात्र तशीच.

२४ मार्च

आज हे जिन्यात मध्येच बसले. "कौसल्या, औंदा चौदा एप्रिलले इर्विन चौकात पायी जाणं काही जमत नाही वाटते." लग्नापासून एकही जयंती चुकवली नाही या माणसाने. चेहरा बघवेना.

फार चिडले मी. खरी गोळी माझ्या पोटात आणि धापा यांनी टाकायच्या – हा कुठला न्याय?

२५ मार्च

जन्मभर फुगलेली भाकर यांच्या ताटात, करपलेली माझ्या. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. गोळ्याही मीच काढून देते. आज माझ्या डबीतली यांच्या हातावर ठेवली. यांची मी गिळली. आता रोज असंच.

२ एप्रिल

यांना गुण आला! एका दमात राजापेठेच्या बाजारातून भाजी घेऊन आले, वर जिनाही चढले. मलाही गरगरत नाही. होता की नाही माझा अंदाज बरोबर?

पिंकी सिस्टरचा फोन आला. "गोळ्या बरोबर चालू हायेत ना काकू?" हो म्हटलं.

१४ एप्रिल

गेले! निळा फेटा बांधून, पायी! चौकातून फोन – "पोचलो ना म्या! काहून रडून राहिली तू?" खोटं बोलल्याचं ओझंच उतरलं.

१७ एप्रिल

पाय सुजलेत यांचे. आडवं झालं की दम लागतो. "मिरवणुकीचा थकवा हाय," म्हणतात. तसंच असेल. तसंच असू दे.

१८ एप्रिल

पहाटे दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन लावलाय. जिवाला धोका म्हणून डॉक्टरांनी वर विचारून यांची गोळी कोणती ते काढलं. बाहेर येऊन म्हणाले, "काकू, काकांची गोळी खरी होती. ती घेऊनही एवढं बिघडलं, म्हणजे यांना लागू पडत नाही. बंद करतो."

खरी यांचीच होती. मी मात्र माझ्या डबीतली, बिनऔषधाचीच असणार ती, भरवत बसले. गरगरणं नुसतं माझ्या मनाचं! डॉक्टर वळले तशी मी त्यांची बाही धरली.

"बंद नका करू डॉक्टर. यांची गोळी मी खाऊन राहिली."