धुतलेल्या चादरी

टोर्स्टेन,

सकाळी इमारतीच्या तळघरातल्या सगळ्यांच्या धुण्याच्या खोलीत शेजारची गुनवोर पुटपुटत होती, "हा माणूस धुतलेलंच परत धुतो आणि आमचा नंबर खातो!" मी हसून वेळ मारून नेली. पण चादरी खरंच कालच्याच होत्या रे. तळघरात ऑफिसचा फोन लागत नाही म्हणून तू तिथे जाऊन बसतोस, हे मला महिनाभर कळतंय. तरी तुझ्या आईला, लेकीला मी सांगत राहिले, "जरा दमलाय."

आज गुरुवार, म्हणून नेहमीसारखं वाटाण्याचं सूप केलंय. गरम करून घे. उद्या दहाला दवाखान्यात जायचंय, मीही येतेय. वेळ घेताना नर्सने विचारलं, "काय होतंय?" तेव्हा तोंडातून निघालंच, "कामापायी माझा नवरा आजारी पडलाय."

रॅग्नहिल्ड