काळे न पडणारे चमचे

प्रिय लेकी,

पत्राची सुरुवात खुशालीने करावी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी छडी उगारून शिकवलं होतं. खुशाली नाही. म्हणून थेट भांडायलाच बसते.

तुझ्या कंपनीची ती नवी, काळी न पडणारी चांदी. गेल्या महिन्यात तू त्या चांदीचे चोवीस चमचे आणलेस आणि आमचे जुने चोवीस वितळवायला घेऊन गेलीस. वर माझ्याच स्वयंपाकघरात मला भाषण ठोकलंस, की पॉलिशची कटकट संपली की लोक पुन्हा चांदी घेतील, मागणी वाढेल. वाढली असेल बाई. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांची चांदी घासून तुला इंजिनिअर केलं, त्याच्या दुकानात आता कुणी एक कळकट वाटीसुद्धा आणत नाही, ते तुझ्या भाषणात कुठे बसतं?

बाबा जरा विसरतात, असं मी फोनवर सांगत आले. खोटं सांगत आले. त्यांना माझं नाव आठवत नाही. घरातच बसून घरी जायचंय म्हणतात, दाराची कडी ओढत राहतात. हातात काळा चमचा आणि फडकं दिलं की मात्र शांत. घासून झाला की उजेडाला धरतात आणि मला दटावतात, बोटं लावू नका हं, बाई! मला गिऱ्हाईक समजतात. चालतं मला.

दुकानात काम येईना, तेव्हापासून आपले जुने चमचे मीच काळे करायचे. टायपिस्टची नोकरी संपल्यावर हाच माझा धंदा. उकडलेल्या अंड्याचा बलक डब्यात चुरायचा, त्यावर चमचे, घट्ट झाकण. सकाळी काळेशार. दोन माणसांना एवढी अंडी कशाला, म्हणून हसली होतीस ना? त्यासाठी.

तुझ्या चमच्यांना तीन आठवडे अंडी चारली. जेमतेम पिवळट झाले, पाण्यानेच उजळले. काल यांनी सगळे उलटसुलट पाहिले, माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, तुमचं काम झालंय, घेऊन जा.

आज सकाळपासून बाबा फडकं स्वतःच्या हातावर घासताहेत. म्हातारपणाचे काळे डाग आहेत ना, ते. कातडी सोलली, तरी थांबत नाहीत. मी हात धरला तर मला ढकललं.

आपले चमचे भट्टीत गेले नसतील, तर आजच घेऊन ये. गेले असतील, तर कुणाचीही जुनी, काळी चांदी आण. जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते आहे.

तुझीच,
भांडकुदळ आई