असिलाचं बीज

ढाणकी,
११ फेब्रुवारी १९६१

प्रिय खेमसिंग,

तुला राम राम, खोलीतल्या बाकीच्यांना सलाम. खाला बरी आहे, मी बरा आहे, इकडे कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. तुझं पत्र पोचलं, शिव्याही पोचल्या. एस.टी.ची वाट पाहत बसल्या बसल्या लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं. पायाशी एक टोपली आहे, तिचं पुढे सांगतो.

माझं कॉलेज कोणत्या घडीला सुटलं ते ऐक. सरांशी भांडलो ते नुसतं निमित्त झालं. दिवाळीत मावशीकडे, म्हणजे हुस्नाबी खालाकडे, इथं आलो होतो. शेजारच्या अब्दुल गनीचाचांच्या कोठ्याला टिनाचं दार आहे, त्याला खिळ्याएवढं भोक आहे. भोकातून उन्हाची तिरीप आत येते. त्या तिरिपेत अंडं धरलं गेलं, आणि ते आतून पेटलं. लाल शिरांचं जाळं, मधोमध एक ठिपका, आणि तो ठिपका उडत होता. जीव, खेम्या. अजून चोच नाही, पाय नाही, पण जीव आहे. ईदच्या नमाजातही माझं मन इतकं गप्प झालं नव्हतं. त्यानंतर अमरावतीला आलो खरा, पण नुसता अंगानं, आणि भांडण होताच परत इथं.

हे कोंबडे असील आहेत, जुन्या झुंजार जातीचे. चाचांच्या आजोबांपासून चालत आलेले. कोंबडा उभा राहिला की मान सरळ, डोळे मोत्यासारखे फिके, पिसं अंगाला अशी घट्ट की बोट आत शिरत नाही. उगाच ओरडत नाही, धावत नाही. कोंबडी अंगानं जड, तिच्या पायाखाली अंडी फुटतात, म्हणून ती गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवायची. सरकारी जीप आता गावोगाव पांढरे विलायती कोंबडे देते आणि बदल्यात गावठी नेते. विलायती अंडी भरपूर देतात, खोटं कशाला बोलू, खालाकडेही आहेत. पण बाजारात जिकडे पाहावं तिकडे पांढरंच. त्यात पावसाळ्यात मानमोडीची साथ आली आणि चाचांचं खुराडं जवळजवळ पुसून गेलं. उरला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. हा सगळा हिवाळा मी त्यांची पिलं वाढवण्यात घालवला; त्यांतले दोन नर आता उभे राहिलेत. कोंबड्यांपायी कोणी बी.ए. सोडतो का, असं तू विचारतोस. सोडतो.

पण अंडं कोणी धरलं होतं, ते मी वर लिहिलं नाही. मलिकेनं. चाचांची मुलगी. ऊन तिच्या बोटांतूनही आरपार गेलं होतं.

आमचं बोलणं कधी पिलांपलीकडे गेलं नाही. अमिनाबी चाची तिथंच तांदूळ निवडत बसलेली असायची. एकदा मी अंडं उचलायला गेलो तर मलिका म्हणाली, "हात गरम कर अगुदर. थंड्या हातानं ते दचकते. कॉलेजात काय शिकून राह्यला होता?" चाची हसली. मी आठवडाभर तेवढ्यावर जगलो.

गेल्या महिन्यात खालाला मागणी घालायला पाठवलं. चाचांनी नांदेडच्या एका मेकॅनिकला आधीच जबान दिली होती. मी रागानं खालाचा माठ फोडला आणि संध्याकाळी नवा आणून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोठ्यात गेलो. अंड्यांना चिरा पडत होत्या, न जाऊन करतो काय.

त्यांच्या घरात एक चाल आहे. असील विकायचा नाही. मुलीबरोबर तिच्या सासरी जोडी द्यायची, म्हणजे बीज दोन गावांत राहतं आणि एकीकडे रोग आला तर दुसरीकडे वाचतं. पण नांदेडवाल्यांनी कळवलं, आमचं घर गल्लीत आहे, कोंबड्या नकोत.

आज सकाळी चाचांनी बोलावलं. म्हणाले, राळेगावला तुमच्या घराचं आवार मोठं आहे, तिथं जोडी जगेल. पण घराबाहेर आम्ही बीज देत नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग तू घरचा हो."

मला वाटलं, जबान फिरवली यांनी. मी चाचीकडे पाहिलं, तर ती जमिनीकडे पाहत होती.

"माहा पोरगा हो," चाचा म्हणाले. "मलिकेचा भाऊ. निकाहाच्या दिवशी दारात तूच उभा राहशीन."

म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं. मला उठून टोपली लाथाडायची होती, तू मला ओळखतोस. मलिका टोपलीत कापूस अंथरत होती. ती थांबली नाही. तोवर तिनं मला कधी कोणत्या नावानं हाक मारली नव्हती.

"घेऊन जाय, रहमतभाई," ती म्हणाली. "इथं सारे एका जागी मरतीन."

मग तिनं कोंबडा माझ्या हातांत दिला. केवढं वजन. किती माणसं मेली, किती घरं बसली, आणि हा कोणाकोणाच्या हातांतून इथवर आला. त्यानं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं जसा घरधनी पाहुण्याकडे पाहतो. माझा राग त्याच्यासमोर फार लहान होता.

माझी पुस्तकं तू ठेव, गादी कोणाला तरी देऊन टाक.

मी म्हटलं, "हो, अब्बा." चाचांनी डोक्यावर हात ठेवला. मी कोंबडीही टोपलीत घातली, वर फडकं बांधलं, बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.

तुझा मित्र,
मलिकेचा भाऊ,
रहमत