स्थानिक शेतकरी

येलदरी कॅम्पजवळ, ता. जिंतूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. भक्तीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तूही तिकडे कोस्टा रिकाच्या जंगलात बरी असशील. पावसात भिजू नकोस आणि डोक्याला तेल लावत जा, असा मायचा निरोप आहे.

कागदावर का लिहितेय असं वाटेल तुला. फोन केला की तू म्हणतेस, फिल्ड स्टेशनला रेंज नाही. पण लाल डोळ्यांच्या बेडकासोबतचा तुझा फोटो मात्र इन्स्टाग्रामवर लगेच आला. बेडकापुरती रेंज येते म्हणायची. मोबाईलवरचं लिहिलेलं न वाचता सरकवता येतं, पाकीट निदान फाडावं तरी लागेल.

सोयाबीन पावसानं काळं पडलं. मका थोडाफार हाती आला. गाय व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. मायचे गुडघे तसेच. मी दिवाळीपासून इथेच आहे, मानवतला सासरी गेलेले नाही. पंडितराव काही म्हणत नाहीत, पण सासूबाईंचा रोज फोन येतो की सून यायची कधी. मी सांगते, माहेरी काम निघालंय. काय काम निघालंय ते तुला ठाऊक आहे. आपल्या आदिनाथनं तुला कळवलंय. काकाचा मुलगा वकील झाला त्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं? त्याचा मेसेज तू वाचलास, हेही आम्हाला कळलं. निळ्या खुणा इकडेही दिसतात.

तरी सगळं ओळीनं लिहिते. मला कुणी नीट सांगितलंच नाही, असं उद्या तुला म्हणता यायला नको.

ऑगस्टमध्ये तू आबांना म्हणालीस, शेतात मेलेलं जनावर सापडलं तर फोटो पाठवा, गावाचं नावही टाका, माझ्या प्रोजेक्टला लागतं. माणूस आणि वन्यप्राणी यांचा संघर्ष असा काहीतरी विषय होता. आबांना तो तोंडपाठ झाला होता, पारावर सांगायचे. महालक्ष्म्यांना मी आले तेव्हा रानडुकरांनी मका आडवा केला होता आणि आबांनी कुंपणाच्या तारेत करंट सोडला होता. सगळेच सोडतात. म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे मलाही कळतं, त्यासाठी परदेशात शिकावं लागत नाही. सकाळी तारेला डुक्कर नव्हतं, काळवीट होतं. आबा बांधावर बसूनच राहिले. मायनं हळदकुंकू आणलं, खड्डा खणला.

आणि मग आबांना तू आठवलीस. ते घरी आले, लग्नाकार्यातलं धोतर नेसले, पांढरी टोपी घातली आणि परत जाऊन त्या जनावराशेजारी ताठ उभे राहिले. पोरीच्या कॉलेजात सगळे बघणार, तर माणसानं नीट दिसावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. फोटो मायनं काढला. पहिल्या दोन फोटोंत नुसतं तिचं बोट आहे. नंतर आबांनी तुला बोलून पाठवलं, मी शेजारीच होते. "डुकरासाठी तार व्हती गं. गरीब जीव अडकला. लय वाईट झालं. तार काढून टाकायलोय." आणि तार त्यांनी त्याच दिवशी काढली.

तुझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं, ते विद्यापीठाच्या वेबसाइटवर लागलं, तू लिंक घरच्या ग्रुपवर टाकलीस. आबांनी गावात पेढे वाटले. इंग्रजी न येणारा माणूस मोबाईल उघडून दाखवत होता, माझा फोटो तिकडे लागलाय. पोस्टरमधून तेवढाच फोटो सुटा होऊन हिंडत हिंडत वनखात्याकडे गेला. दिवाळीच्या तोंडावर त्यांची माणसं आली, फोटोवर गावाचं नाव होतंच, तोंड ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी त्यांचं काम केलं, त्यांच्यावर माझा राग नाही. आबांची दिवाळी कोठडीत गेली. आता जामिनावर आहेत, दर सोमवारी एसटीनं जिंतूरला हजेरी लावून येतात.

तुला न सांगितलेलं आता सांगते. जीप दारात उभी राहिली तेव्हा मोबाईल देण्याआधी आबांनी तुझं-त्यांचं सगळं बोलणं पुसून टाकलं. आदिनाथला वाटलं, घाबरून केलं असेल. तर त्याला म्हणाले, "पोरीचं नाव कुठंच येऊ द्यायचं न्हाई. तिला माघारी धाडतील, शिक्षण बुडंल." आणि साहेबांपुढे सांगून बसले की फोटो मीच काढून घेतला, लोकांत मिरवायला. आदिनाथनं कपाळाला हात लावला. धोतर-टोपीत ताठ उभा असलेला माणूस, पायाशी काळवीट, आणि वर त्याचाच असा जबाब. ते चुकून मेलं यावर आता कोण विश्वास ठेवणार?

त्यांचा तो आवाज फक्त तुझ्या मोबाईलमध्ये आहे. आदिनाथनं मागितला तर तुझं एका ओळीचं उत्तर आलं, "गाईडला विचारून सांगते." त्यानंतर काही नाही. बापाचा आवाज द्यायला गाईडला विचारावं लागतं, हा कुठल्या वर्षाचा अभ्यासक्रम आहे?

पोस्टर मी नीट वाचलं. माझं इंग्रजी बारावीपुरतं, पण तेवढं येतं. फोटोखाली लिहिलंय, स्थानिक शेतकरी, त्याने मारलेल्या काळविटासह. 'मारलेल्या' लिहिलंस. तार डुकरासाठी होती ते नाही, तार काढली ते नाही. खाली आभार आहेत, गाईडचे, मैत्रिणींचे, स्वयंपाकघरातल्या बाईंचेसुद्धा. मी ती यादी दोनदा वाचली.

प्रवेशाच्या वेळचा तुझा निबंध आठवतो तुला? ओसरीत बसून मला वाचून दाखवला होतास. माझे वडील पेरताना टिटवीची अंडी दिसली की औत वळवून घेतात, तेवढी जागा मोकळी सोडतात. त्या निबंधावरच शिष्यवृत्ती मिळाली असं तूच म्हणायचीस. टिटवीपाशी ते तुझे वडील होते. काळविटापाशी स्थानिक शेतकरी झाले.

मला तुझा राग येतो, भक्ती. तिथली माकडं, बेडूक, झाडं वाचवायला शिकतेस त्याचा नाही, ते शीक. तिथे जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं, हे तू सांगितलंस तेव्हा आबा किती खूश झाले होते. "चांगला मुलूख हाय," म्हणाले. राग याचा येतो की तू घाबरलीस, आणि तुझ्या घाबरण्याचं ओझं त्यांनी न सांगता उचललं.

गेल्या सोमवारी आबा हजेरीवरून आले, हातपाय धुतले आणि विचारलं, "भक्तीचा फोन आला व्हता का?" मी हो म्हणाले. अभ्यास चांगला चाललाय, असंही मीच सांगितलं. "मंग झालं," ते म्हणाले आणि जेवायला बसले. हे खोटं मी आता यापुढे बोलणार नाही.

पुढची तारीख जानेवारीत आहे. तो आवाज आदिनाथकडे पाठव, आबा नको म्हणतील तरी पाठव. नाही पाठवलास तर मी त्यांच्यासमोर बसून ते पोस्टर वाचून दाखवीन, फोटोखालच्या ओळीसकट, मराठीत. आजवर त्यांना कुणी ती ओळ सांगितलेली नाही. त्यांना वाटतं तिथे त्यांचं नाव आहे.

मायनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय. कुणी तिकडे येणारं असेल तर कळव.

आशीर्वाद वर दिलेत, ते माघारी घेत नाही.

एका स्थानिक शेतकऱ्याची थोरली मुलगी,
दैवशाला