मी न भरलेले दोन हप्ते

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा आठांपैकी सहाच अंगांचा मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? भाऊजींची प्रकृती विचारत नाही. तू लिहितेस त्यापेक्षा ती नेहमीच चांगली असते. इकडे सगळं यथास्थित. छत गळतं, मी छापखान्यात प्रुफं तपासतो, आणि तुझी भावजय दोन्हींकडे सारख्याच नजरेने बघते.

पत्रास कारण बाबांची ट्रंक, जी तुझ्या माळ्यावर आहे. तिच्यात माझा म्हणून चालत आलेला जन्मदाखला आहे. तो मूळ स्वरूपात विमा कचेरीला हवा आहे. का हवा, हे जरा बैजवार सांगावं लागेल. हातातलं काम बाजूला ठेव.

तो दाखला माझा नाही, हे आता तुला आणि मलाच ठाऊक. आपला थोरला भाऊ अकरा महिन्यांचा असताना गेला आणि त्यानंतर वर्षभराने मी आलो. पाकिटं उलटी करून पुन्हा वापरणाऱ्या बाबांनी मला शाळेत घालताना त्याचाच दाखला पुढे केला. शिक्का आहे, कागद धड आहे, वाया का घालवायचा? दाखल्याबरोबर त्याचं नावही मला आलं. तेव्हापासून मी कागदोपत्री दोन वर्षांनी मोठा आहे. वर्गात सगळ्यांत बुटका होतो, छापखान्यात सगळ्यांआधी म्हातारा झालो. अपघाताचा विमाही त्याच दाखल्यावर उतरवला होता. वयोमर्यादा पंचावन्न. दोन वर्षांपूर्वी थोरल्याची पंचावन्न भरली, मी हप्ते थांबवले आणि उरलेल्या पैशांत चष्मा केला.

आता गेल्या महिन्यात कचेरीचं पत्र आलं. मर्यादा उलटल्यावरही आपणाकडून दोन वार्षिक हप्ते स्वीकारले गेले, दिलगीर आहोत, मूळ जन्मदाखल्यासह अर्ज करून रक्कम परत न्यावी. (पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. लाल शाईने दुरुस्त केल्या, तेवढंच समाधान.) तुझ्या भावजयीचं म्हणणं, तुम्ही विसरून भरले असतील. माझ्या विसरभोळेपणावर तिची गाढ श्रद्धा आहे. पण विसरून पैसे न भरणं मला जमतं, विसरून भरणं अजून जमलेलं नाही.

तरी गेलो. खिडकीत चष्मा दोरीला बांधलेल्या बाई होत्या. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं (माझे हप्ते पहिल्यापासून बँकेतून परस्पर जात), पण त्यांनी मला पाहताच ओळखीचं हसून खुर्ची दिली. म्हणाल्या, आज चेहरा उतरलाय, हप्ता भरायला येता तेव्हा किती शांत असता. मग दोन्ही पावत्यांच्या प्रती काढल्या. दोन्ही रोख, दोन्ही नेमक्या तारखेला, दोन्हींवर माझी सही. आणि ताई, माझ्यापेक्षा चांगली. सहीतलं शेवटचं वळण मी घाईत खातो, ते तिथे पुरतं होतं. तीस वर्षं मी लोकांच्या चुका पकडून पोट भरतो आहे. त्या सहीत मला एकही सापडली नाही. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असं मानावं, हे न्यायशास्त्रात शिकलो होतो. इथे धुराची रीतसर पावती होती, आणि अग्नी कुठे आहे ते विचारायचा धीर मला होत नव्हता.

बाई आपण होऊन बोलत होत्या. मर्यादा संपली, आता भरून उपयोग नाही, असं त्यांनी दोन्ही वेळा मला बजावलं होतं म्हणे.

"तुम्हीच म्हणालात ना, माझं वय झालं, ठाऊक आहे. धाकटा पंचावन्नचा होईपर्यंत भरतो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "धाकटे बरे आहेत ना?"

बरा आहे म्हणालो. दुसरं काय सांगणार?

परताव्याच्या अर्जावर सही न करता तो घेऊन घरी आलो. आल्यावर एक गोष्ट आठवली. गेल्या वर्षी छापखान्यात माझ्या टेबलावर कागदाच्या रिमांचं कपाट कोसळलं, हे तुला लिहिलं होतं. त्याआधी क्षणभर जिन्यातून कुणीतरी "धाकट्या" अशी हाक मारली म्हणून मी उठून गेलो होतो, हे लिहिलं नव्हतं. भर दुपारची गोष्ट. जिन्यात कुणी नव्हतं. मला वाटलं, तू आलीस आणि लपलीस. (पन्नाशीनंतर माणूस काय काय मानून घेतो!) मला या नावाने हाक मारणारं तुझ्याखेरीज आता आहे कोण?

अर्जाखाली बारीक टायपात एक ओळ आहे: हप्ते परत घेतल्यास त्या दोन वर्षांत विमा नव्हताच, असे समजण्यात येईल. तुझी भावजय म्हणते, नव्हताच तो, पैसे घ्या आणि छत दुरुस्त करा. तिच्या तर्कात खोट नाही, म्हणूनच तो मला पटत नाही. पण छत गळतंय हेही खरं. तेव्हा दाखला रजिस्टर टपालाने पाठव. बाकी भेटीअंती.

तुझा,
धाकटा

ता. क. : दाखला पाठवू नकोस. ट्रंकेतच राहू दे. ट्रंकेवर काही जड ठेवलं असशील तर तेवढं काढ.

ता. क. दुसरा : हा उद्योग तुझा असेल, म्हणजे भाऊजींना माझा जुना कोट चढवून तू खिडकीवर पाठवलं असशील, तर सरळ कबूल कर. मी चार दिवस रागावेन आणि निवांत झोपेन. पण भाऊजींना शांत असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, बाई तरी का म्हणतील? तू नसशील, तर या बाबतीत काहीच लिहू नकोस.

ता. क. शेवटचा : पुढल्या आठवड्यात गुरुवारी मला खरी पंचावन्न पूर्ण होतात. दुसरा हप्ताही तेव्हाच संपतो. त्यानंतर माझं भरणारं कुणी नाही. तू बुधवारीच ये आणि चांगली आठवडाभर राहा. फक्त येताना नेहमीसारखी जिन्यातून हाक मारू नकोस, मुकाट्याने वर ये. म्हणजे हाक आलीच, तर ती कुणाची हे ठरवत बसायला नको, लगेच उठता येईल.