सोळा इंच वाळू

कॅरियाकू बेट, २१ मार्च

प्रिय कोरेटा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आपल्या आत्याची, टँटी आयोनाची, मैत्रीण सोमवारी तुमच्या हडर्सफील्डला परत निघते आहे, तिच्या हाती हे पाकीट देईन. मला पत्रं लिहायची सवय नाही. मी रोज लिहिते ते आकडे: पाण्याचा दाब, पाण्यातला क्षार, पंप किती तास चालला. पत्र मधूनमधून रजिस्टरसारखं वाटलं तर तसंच वाचून पुढे जा.

आधी बातम्या. गलबत पुन्हा किनाऱ्यावर, ओंडक्यांवर चढवलं आहे. तीन फळ्या तडकल्या होत्या. दोन डॅडींनी बदलल्या, तिसरीचं लाकूड ग्रेनाडाहून यायचं आहे. सुकाणू नवं केलं. एकाहत्तराव्या वर्षी ते पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वाकसानं लाकूड तासतात. हे आपलं शेवटचं गलबत, असं ते स्वतःच म्हणतात. ईस्टरनंतरच्या शनिवारी, अठरा एप्रिलला, ते परत पाण्यात उतरवायचं ठरलं आहे. तुझा निरोप टँटीनं सगळ्यांसमोर वाचला: "गलबताला दुसरी कोणी धर्ममाता बघा, झेंड्याला माझा हात नको." वाचून झाल्यावर डॅडी उठून मागच्या अंगणात गेले.

अकरा वर्षांनी तू इंग्लंडहून आलीस आणि घरी न उतरता हॉटेलात उतरलीस. त्याचं मला वाईट वाटलं नाही. घरात न्हाणीघर एकच आहे, आणि तुझ्या ग्रॅहमला आपल्या कोंबड्यांनी झोपू दिलं नसतं. पण तू पाच नंबरच्या बंगलीत पाऊल टाकलंस तेव्हा मी मागच्या भिंतीपाशी व्हॉल्व्ह तपासत होते. तुला लिंबाच्या वासाचा गार रुमाल मिळाला, सोललेलं शहाळं मिळालं. तू चपला भिरकावल्यास, पाय तलावात सोडलेस आणि म्हणालीस, "ग्रॅहम, आता चार दिवस मी इथून हलणार नाही. कोणी मेलं तरी नाही." त्या एवढ्याशा तलावात बावीस हजार लिटर गोडं पाणी मावतं. समुद्राचं पाणी गाळून ते मी तीन दिवस भरत होते. त्याच आठवड्यात टँटीची पावसाच्या पाण्याची टाकी तळाला गेली होती आणि ती भांडी समुद्रावर घासत होती. तुझा त्यात दोष नाही. तू पैसे भरले होतेस.

मग तुला मी दिसले. तू ओल्या अंगानं मला मिठी मारलीस आणि ग्रॅहमला म्हणालीस, "ही आमची जेनेल. इथले नळबिळ बघते." त्यानं विचारलं, नळाचं पाणी प्यायला चालतं का. मी म्हटलं, "लिटरला एकशे ऐंशी मिलिग्रॅम क्षार." तू खदखदून हसलीस. "बघितलंस? हिला साधं 'हो' म्हणता येत नाही!" मीही हसले. रात्री घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की चार वर्षं त्रिनिदादमध्ये शिकून मी हॉटेलचा पाणी गोडं करायचा प्लांट चालवते, हे मी तुला सांगितलंच नाही. तूही विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी डॅडी तुला भेटायला हॉटेलात आले. इस्त्रीचा शर्ट, चर्चचे बूट. सहा वर्षं मी त्यांना म्हणते आहे, एकदा माझं काम बघायला या. "यंत्रात काय बघायचं, पोरी? पाणी येतंय ना, झालं," हे त्यांचं उत्तर. पण तुझ्या तलावाकाठच्या खुर्चीत ते दुपारभर बसले. गार रुमालानं मान पुसून तो घडी करून खिशात ठेवायला निघाले, तेव्हा तू म्हणालीस, "डॅडी, चोरी पकडली!" आणि दोघं हसून हसून लाल झालात. तिथल्या पोरीनं त्यांच्या पायांना तेल लावून दिलं. ज्या माणसानं आयुष्यभर कोणाला पायाला हात लावू दिला नाही, तो डोळे मिटून पडून होता. मी जाळीच्या दारामागून पाहत होते. पंप बघायला आले होते. पंप व्यवस्थित चालू होता. तरी मी वीस मिनिटं तिथे उभी होते.

ते गलबत उभं राहायला दोन वर्षं लागली. शनिवार-रविवार फळ्या मी धरल्या. तळाशी वजन किती आणि कुठे घालायचं, ते मी काढून दिलं. गलबत उतरवायचा दिवस मात्र तुझ्या चार रात्रींवरून ठरला. रविवारी दुपारची तुझी बोट, म्हणून शनिवार. उत्तरेची मोठी लाट येऊन गेली की आपल्याकडे आठवडाभर कोणी गलबत उतरवत नाही, हे तुलाही माहीत आहे. लाट बुधवारी आली. म्हाताऱ्या कथबर्टनं डॅडींना टोकलंसुद्धा: "आल्विन, समुद्र अजून घुमतोय बाबा. थांब की." डॅडी म्हणाले, "पोरगी थांबणार नाही, कथबर्ट. समुद्र काय, पुढच्या शनिवारीही असेल." डॅडींच्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं.

त्याच बुधवारी संध्याकाळी टँटीनं मला बोलावलं. ती झेंडा शिवत होती. गलबत पाण्यात सरकेपर्यंत त्याचं नाव कोणाला कळता कामा नये, धर्ममातेनं झेंडा उलगडला की मगच ते दिसायचं. पण टँटीला अक्षरांमधलं अंतर जमेना. "तुझा हात मापाचा," ती म्हणाली. "डोळे मिटू नकोस, तोंड मीट." मी खडूनं इंग्रजी सात अक्षरं आखून दिली. तुझंच नाव होतं. धर्ममाता तू आणि नावही तुझं. मी आखणी दोनदा तपासली. अंतरं अगदी सारखी होती.

शनिवारचं तुला सांगायला नको, पण मला जे दिसलं ते लिहिते. फादरनी पाणी शिंपडलं, बोकड कापला, पातेल्यात तुरीची डाळ शिजत होती, आणि तू पांढऱ्या पोशाखात गलबताच्या नाकाशी उभी होतीस. दोराला साठ-सत्तर माणसं. "हं, ओढा रे! जेवायचं असेल तर ओढा!" गलबत सुटलं. तू झेंडा उलगडलास, लोकांनी तुझं नाव वाचून आरोळी ठोकली, आणि तेवढ्यात गलबत थांबलं. किनाऱ्यापासून चाळीस पावलांवर त्याचा कणा वाळूत रुतला आणि ते हळूहळू कुशीवर झुकलं. डॅडी छातीभर पाण्यात उभं राहून दोन्ही हातांनी त्याला रेटत होते, जणू एकट्यानं ते सरळ होणार होतं. तू कमरेपर्यंत पाण्यात शिरून ओरडत होतीस, "डॅडी, बाहेर या! डॅडी!" मग कोणीतरी बोललं, "इंग्लंडचा हात तो. थंडगार. गलबत हलेल कसं?" लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. तू ऐकलंस, हे मी पाहिलं. रविवारी टँटीनं तुझ्यासाठी ठेवलेलं ताट तसंच राहिलं.

आता परवाची गोष्ट. डॅडी वाकस खाली ठेवून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "जेनेल, आता झेंडा तूच धर. नावही तुझंच घालू." टँटी जुनी शिवण उसवते आहे; सातातली तीन अक्षरं काल संध्याकाळपर्यंत निघाली. मला जे हवं होतं ते सगळं समोर ठेवलं आहे. मी डॅडींना नाही म्हणाले. का, ते अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते, कारण लोकांनी नाव तुझं खराब केलं. हॉटेलसाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंड डॅडी गलबत उतरवतात त्या उतारालगत आहे. दर गुरुवारी मी पाण्यात उतरून काठीनं तिथली खोली मोजते. लाटेनंतरच्या त्या गुरुवारी तळ सोळा इंच वर आला होता. मी ते रजिस्टरात लिहिलं. गलबताला किती पाणी लागतं, हा आकडाही माझ्याकडे होता. वजाबाकी करायला कागद लागला नाही. डॅडींनी तळ सोमवारी मोजला होता, आणि एकदा दिवस ठरला की ते दुसऱ्यांदा मोजत नाहीत. तो गलबतावरचा अविश्वास, असं ते मानतात. तरी शुक्रवारी पुन्हा तुझ्या तलावाकाठी येऊन बसले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "लाटेनं तळ हलला नसेल ना गं?" तू शेजारीच डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडली होतीस. मी म्हटलं, "तुम्ही मोजलंय ना?" यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि मी ते उत्तर त्याचसाठी तसं निवडलं होतं. तुझ्या हातानं ते गलबत तरंगू नये, असं मला वाटत होतं. फळ्या तडकतील, डॅडी पाण्यात उभे राहतील, लोक तुझ्या हाताला बोल लावतील, हे मी मोजलं नव्हतं. उद्या रविवार. चर्च सुटल्यावर, जिथे कथबर्ट आणि बाकीचे रम पीत बसतात तिथे, डॅडींच्या देखत, मी हे सगळं याच शब्दांत सांगणार आहे. त्यानंतर डॅडी माझ्याशी बोलतील की नाही, मला माहीत नाही. टँटीला अक्षरं परत शिवायला दोन दिवस पुरतील. अठराला तू ये आणि झेंडा तूच धर. तुला तिथे पाहून मला आनंद होईल असं मी लिहीत नाही, कारण ते खरं नाही. बहुतेक मला तेव्हाही तसाच हेवा वाटेल. तरी ये.

तुझीच धाकटी,
जेनेल