पट्ट्याला लावलेलं तेल

मंगळवार, ८ जुलै २०२५

कुंई... कुंईईई! हेदवीच्या आमच्या आगरातला रहाट. साठ-पासष्ट वर्षं झाली, गावही सुटलं. पहाटे रेडा फिरायला लागला की लाकूड असं ओरडायचं, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या तालावर शाळेतली कविता म्हणायचो. आज सकाळी तोच आवाज ऐकला — माझ्या गाडीच्या बॉनेटखालून. किल्ली फिरवली आणि किंचाळी! दोन मिनिटांनी आपोआप गप्प.

वरच्या मजल्यावरची दीपाली गॅलरीतून म्हणाली, "काका, आता मला गजर लावायला नको." हसून घेतलं.

बुधवार, ९ जुलै

पुन्हा तेच. लघु, लघु, मग लांबलचक गुरू. एसी लावला की गुरू आणखी लांबतो. बॉनेट उघडून कान लावला. बाजूला तीन चाकांवरून फिरणारा काळा पट्टा आहे, ओरडतो तो तोच.

वडील रहाटाच्या कण्याला उंडीच्या बियांचं उग्र वासाचं तेल सोडायचे. दिवसभर हूं की चूं नाही. बाटली आहे घरात. इंजिन बंद करून पट्ट्याला, चाकांना सढळ हाताने लावलं. सुरू केली — चिडीचूप! चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला काही कळत नाही असं कोण म्हणतं?

शनिवार, १२ जुलै

वाडीवरच्या शाळेत जाऊन आलो. अकरा मुलं. शनिवारची शाळा सकाळची, आणि त्या वाडीवर पहिली एसटी पोचते दहाला — तोवर मुलं घरी निघालेली. म्हणून गाडी. निवृत्त झाल्यापासून सोळा वर्षं दर शनिवारी कविता घेतो. आमची ही, प्रभावती, गेली तो एक शनिवार सोडला तर चुकलो नाही. आज चौथीची कविता चालीवर म्हणवून घेतली. मुलांतली मनस्वी डोळे मिटून म्हणते. पुस्तक लागतच नाही तिला.

येताना चढावर गाडी अशी किंचाळली की रस्त्यातल्या कोंबड्या पळाल्या. आवाज दुप्पट.

सोमवार, १४ जुलै

महिपतच्या गॅरेजात. कधीकाळी माझ्याच वर्गात होता. पट्टा बोटाने दाबला, बोट चोळून पाहिलं.

"गुरुजी, पट्टा म्हातारा झालाच हाय. पण हा तेलकट कसा? काय लावलात काय?"

"छे. काही नाही."

सरळ खोटं बोललो. त्याच्या दोन माणसांसमोर कसं सांगायचं?

त्याने नवा पट्टा घातला. म्हणाला, इंजिनातून तेल गळत असणार, मग हाही ओरडेल.

बुधवार, १६ जुलै

ओरडला. महिपत म्हणाला, "इंजिन उतरवून आख्खं खोलायला लागेल. ह्या वयात कशाला? — गाडीच्या म्हणतोय मी, गुरुजी." आणि त्याने माझ्या आधी मुंबईला राजेंद्रला कळवलं!

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "बाबा, गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी अकराला येईल. तुम्ही फक्त कागद काढून ठेवा."

मागून सूनबाईंचा, रसिकाचा आवाज — "त्यांना विचारलंस का?" त्यावर हा — "तू मध्ये बोलू नको."

"आणि माझी शाळा?" मी म्हटलं.

"सोळा वर्षं झाली, बाबा. बास आता. तुमच्या भल्याचंच ठरवतोय."

फोन ठेवला. मी ठेवला, त्याने नव्हे.

गुरुवार, १७ जुलै

नाही देणार.

शुक्रवार, १८ जुलै

सकाळी चाकाच्या खाचेत बोट घातलं आणि हुंगलं. उंडी! इंजिनाचं तेल नव्हेच. गळत काहीच नाही. माझंच पाप. पट्टा नवा, पण चाकं तेलात माखलेली. गाडी वाचवायची तर हे महिपतला सांगायला हवं.

वाटेत तीनदा वाक्य जुळवलं. खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करायचो, त्यात महिपतही होता.

"गुरुजी, मी विचारलं व्हतं तुम्हाला."

"हो. आणि मी खोटं बोललो. रहाटाला लावतात तसं लावलं."

तो इतका हसला की हातातला पाना पडला. "रहाटाला फिरायला तेल पायजे, गुरुजी. ह्याला पकडायला पायजे. तेल लावलात तर पकडणार कशाला?" चालू पट्ट्यावर पाणी शिंपडलं तर किंचाळी वाढली. "बघा, घसरतोय. आतलं काय बिघडलं असतं तर पाण्याने फरक पडला नसता."

इंजिन बंद करून साबणाच्या पाण्याने खाच न् खाच घासली, कोरडी केली, पुन्हा दुसरा पट्टा. किल्ली फिरवली. नुसतं इंजिन. एसी लावला, दिवे लावले — गप्प!

"आता उभे ऱ्हावा बाकावर," महिपत म्हणाला.

राजेंद्रला फोन करून सगळं सांगितलं, तेलासकट. तर म्हणतो, "बघा, हेच म्हणतोय मी. उद्या ब्रेकलाही तेल लावाल. गिऱ्हाईक येणारच." खरं बोललो तोच माझ्याविरुद्ध पुरावा! येऊ दे गिऱ्हाईक. कागद माझ्या उशाखाली आहेत.

शनिवार, १९ जुलै

आवाज न करता शाळेत पोचलो. मुलांना तेलाची गोष्ट सांगितली, खोटं बोललो तेही, उद्या गिऱ्हाईक येणार तेही. मनस्वीने विचारलं, "मग गुरुजी, उद्या गाडी देनार?"

"नाही."

अकरा जणांसमोर बोललोय.

रविवार, २० जुलै

आठला बेल वाजली. गिऱ्हाईक लवकर उपटलं वाटून कमरेवर हात ठेवूनच दार उघडलं. रसिका. एकटी, हातात दोन बॅगा, थेट स्टेशनवरून.

"बाबा, माझ्या नोकरीचा राजीनामा त्याने परस्पर पाठवून दिला. माझ्याच मोबाइलवरून. मला केळशीला आईकडे सोडाल? त्याला ठाऊक नाही मी इथे आलेय ते."

ती तोंड धुतेय तोवर हे लिहितोय. मुलगा माझाच आहे. वाटेत दोन फेरीबोटी लागतात, म्हणजे आत्ताच निघायला हवं. अकराला येणाऱ्याला कुलूप दिसेल. राजेंद्रला मी पोचल्यावर सांगेन — आम्ही दोघं कुठे आहोत ते.